मायच्या जागेवरचा चहा

मी रागीट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. पण हैदराबादच्या त्या बसमध्ये मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एव्हाना उतरायला हवा होता.

सेनगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती. आमचं गाव कळमनुरीजवळ. थोडी शेती, पंधरा-वीस शेळ्या. शेळ्यांचं दूध माय काढायची, चूल माय पेटवायची, चहा माय करायची. दुधाचा चहा पुरुषांना देऊन झाला की पातेल्यात उरलेल्या पत्तीवर पाणी ओतून ती तेच पुन्हा उकळायची आणि प्यायची. तेही चुलीपुढं उकिडवं बसून, आणि दोन घोट होतात न होतात तोच कोणीतरी हाक मारायचंच. तिनं एक कप ताजा चहा निवांत बसून प्यायलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

शाळेतल्या एक बाई हैदराबाद बघून आल्या. तिथं दिवसभर शहर दाखवणारी बस असते आणि दुपारी चारला चहा-बिस्किटं ज्याच्या त्याच्या जागेवर आणून देतात, असं त्यांनी सांगितलं. चारमिनार राहिला बाजूला, माझ्या डोक्यात तो चहाच बसला. माय खिडकीशी बसली आहे, चहा दुसऱ्याच कोणी केला आहे आणि तो तिच्या हातात आणून दिला आहे. मला एवढंच बघायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मायला आणि बाबांना न्यायचं मी ठरवलं.

हिंगोली स्टेशनवर पाहते तर बाबांबरोबर मोठेबाबा उभे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ.

"थोरल्याला टाकून गावाबाहेर कसं जावं?" बाबा म्हणाले.

मायनं तोवर पदर नाकापर्यंत ओढला होता. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड दाखवायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, त्यांच्या बरोबरीनं बसायचं नाही. मोठेबाबा माणूस म्हणून वाईट नव्हते. मायला ते कधी वावगं बोलले नाहीत. बोलतील कशाला, ते असले की माय तिथं नसल्यासारखीच व्हायची. मी तेव्हाच भांडायला हवं होतं. गाडी आली आणि राहून गेलं.

आगगाडीत माय खाली बसली, ते खपून गेलं. तिथं निम्मा डबाच खाली बसलेला होता. पण दुसऱ्या दिवशी शहर दाखवणाऱ्या बसमध्ये मी तिला खिडकीशी बसवलं, पलीकडच्या बाकावर बाबा आणि मोठेबाबा बसले, आणि मोठेबाबा टेकतात न टेकतात तोच माय सीटवरून घसरून खिडकीखाली, माझ्या पायाशी जाऊन बसली. माहिती सांगणारा गाइड म्हणाला, "अम्मा, ऊपर बैठो, सीट आपकी है."

"राहू द्या साहेब, तिला तितंच बराबर हाय," मोठेबाबांनी परस्पर सांगून टाकलं.

मी तिचा दंड धरून ओढला, तर तिनं माझ्या पोटरीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तिनं सगळं शहर असं खालून पाहिलं. चारमिनारचे शेंडे दिसले असतील. बाकी नुसतं आभाळ, ते आमच्या गावातही होतं. खाली उतरायचं झालं की ती सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून. गोवळकोंड्यात तिनं काही पाहिलं असेल तर मोठेबाबांच्या वहाणा. तिथंच मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, मोठेबाबांना पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे मायला वर बसता येईल.

"थोरल्याला ऊठ म्हनू व्हय मी? तुला नोकरी लागली म्हनून आमी रीत सोडावी का?"

चारला बस हुसेनसागरच्या बांधावर थांबली. एक म्हातारा वेटर जाड पांढऱ्या कपबशा घेऊन आला. मायच्या रिकाम्या सीटपुढं तो घोटाळला, मग त्याला ती खाली दिसली. त्यानं वाकून, दोन्ही हातांनी, तिला कप दिला. तिनं तो पायाशी ठेवला आणि वर बशी झाकली. मोठेबाबा बशीत ओतून भुरके मारत होते.

"माय, पी. गार होईल."

ती हलली नाही. मी थांबले. आणखी थांबले. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोठेबाबा, जरा खाली उतरा. मायला चहा प्यायचाय."

बाबा म्हणाले, "तोंड सांभाळ."

"मी अडवलं का तिला?" मोठेबाबा म्हणाले. "पी म्हनावं. मी न्हाई बघून राहिलो." असं म्हणत तिच्याकडंच बघत होते.

मी वाकले, मायपुढचा कप उचलला आणि मोठेबाबांसमोर उभी राहून एका दमात पिऊन टाकला. तसाच कढत होता. जीभ, टाळू, घसा, सगळं पोळलं. रिकामा कप मी सीटवर आदळला. मला वाटलं, मी जिंकले.

मोठेबाबा उठले, खाली उतरले आणि तळ्याकडं तोंड करून, बसकडं पाठ करून उभे राहिले. बाबा त्यांच्या मागं गेले. तेव्हा कुठं माय वर येऊन सीटवर बसली. पदर मागं सारून तिनं रिकाम्या कपात पाहिलं.

"काहून पिली गं? कवातरी उतरलेच असते ते. तेवढ्याचीच वाट बघून राहिले होते मी."

मी धावत वेटरला गाठलं. त्यानं किटली उलटी करून दाखवली. परत आले तर मोठेबाबा बसमध्ये चढत होते आणि माय पुन्हा खाली बसली होती.

मोठेबाबांचा राग आला, बाबांचा आला, वाट बघत बसणाऱ्या मायचाही आला. का बघायची वाट? पण तो कप काही त्यांच्यापैकी कोणी हिसकावला नव्हता.

गावी परतल्यावर शेजारच्या बाया अंगणात जमल्या. तिथला चहा कसा असतो, असं त्यांनी मायला विचारलं. ती शेळी पिळत होती.

"लई दाट," ती मान वर न करता म्हणाली. "सायीचा. गोड. कपभर पिला की प्वाट भरतंय."

बाया माझ्याकडं बघू लागल्या. मी नुसती मान डोलावली. जीभ पोळल्यामुळं मला त्या चहाची चव कळलीच नव्हती.