रिकाम्या गाडीचा रकाना

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. अकोल्याच्या सायबर पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. एका सॉफ्टवेअर कंपनीचा मालक तक्रार घेऊन आला. खरा फिर्यादी आधी पाणी मागतो. याने आधी वरिष्ठांची ओळख सांगितली. कापसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमचा आतला कोड नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीने चोरून अकोटच्या एका गिऱ्हाइकाला, सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याला दिला, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत वरून फोन आला, मुलीला अटक करा. मी आधी प्राथमिक चौकशी लावली.

मुलगी वरूडची, संत्र्याच्या बागवाल्याच्या घरची. नुकतंच अमरावतीत तिने स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर ते तिथेच संपलं असतं. पोलिसांनी नेलेल्या मुलीला काम कोण देतो? महिला अंमलदारासमोर जबाब सुरू केला. मला वाटलं रडेल, पण ती माझ्याच अंगावर आली.

"दिला मी कोड, साहेब. लपवू कावून? त्यायचा हक्क आहे तो."

"कंपनीचा माल अन् हक्क जिनिंगवाल्याचा?"

"कंपनीनं तो इंटरनेटवरून उचलला. मूळ लिहिणाऱ्याची परवान्यात अट आहे. वापरा, बदला, पैसे घेऊन विका. पण ज्याले विकसान, त्यानं मागितला तर कोड त्याले द्या, अन् हीच अट पुढं ठेवा. यायनं परवानाच पुसून टाकला."

बोलणं ठाम होतं. पण ठाम खोटं बोलणारेही मी भरपूर पाहिलेत, म्हणून अकोटला त्या जिनिंगमध्ये गेलो. वजनकाट्यावरच्या माणसाने कापसाने भरलेल्या गाडीचं वजन 'रिकामी गाडी' या पहिल्याच रकान्यात टाकलं.

"उलटं कावून टाकून राहिला?"

"कंपनीवाल्यायनंच सांगतलं, साहेब. असंच टाका म्हणे."

जिनिंगमध्ये गाडी भरून येते आणि रिकामी होऊन जाते. कापसासाठी प्रोग्रॅम लिहिणारा वऱ्हाडी माणूस पहिला रकाना रिकाम्या गाडीचा ठेवेलच कशाला? रिकामी गाडी आधी काट्यावर चढते ती गिट्टीच्या खदानीत. मुलीने सांगितलेला मूळ प्रोग्रॅम आमच्या तज्ज्ञाने पंचांसमोर इंटरनेटवरून उतरवून घेतला. तो खदानीसाठीच लिहिलेला निघाला, आणि परवान्यात मुलीने सांगितलेली अटही होती. दोन्ही शेजारी लावले. रकाने त्याच क्रमाने, आतला कोडही बहुतेक तोच. कंपनीने मूळ लेखकाचं नाव पुसलं, पण रकाने बदलायची तसदी घेतली नव्हती.

मालकाला बोलावलं.

"साहेब, फुकटची वस्तू होती ती."

"फुकट होती, बेवारस नव्हती," मी म्हणालो. "आता तक्रारीत परवान्याचंही लिहून द्या."

त्याने तक्रारच मागे घेतली. पुढे एकेका जिनिंगवाल्याने अट दाखवून कोड मागितला आणि सगळ्यांना परवान्यासकट द्यावा लागला त्याला. वरिष्ठांनी विचारलं, "एका पोरीसाठी एवढं?" मी हो म्हणालो. माझी बदली कंट्रोल रूमला झाली. गेलो, मान ताठ ठेवून गेलो.

सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्यांना एवढंच सांगतो, दुसऱ्याच्या कोडवर धंदा करण्यात लाज नाही. पण घेताना अट मान्य करायची, विकताना विसरायची आणि वर दुसऱ्याला चोर ठरवायला पोलीस वापरायचे, हे माझ्या ठाण्यात चाललं नाही.

अमरावतीचं ते ऑफिस आजही चालू आहे. त्या मुलीने तोच प्रोग्रॅम दुरुस्त करून विकायला काढला. पहिला रकाना आता भरलेल्या गाडीचा आहे आणि त्याच्याही वर, पडद्याच्या माथ्यावर, मूळ लिहिणाऱ्याचं नाव आहे.