मनकवड्याचं घर

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, चपलांच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाईक आत आलं की ते आधी पायांकडे बघायचे. एखादी बाई म्हणायची, "मला जरा अशी..." की हे सुरूच, "टाच उंच नको, पण अगदी सपाटही नको, आणि बोटं झाकलेली हवीत. बसा." बाई खूश. इतर विक्रेते जोडांचा ढीग लावत, भावजी एक-दोन जोडांत भागवत. मालक त्यांना मनकवडेच म्हणायचा, आणि ते नाव घरापर्यंत आलं.

घरी येताना हा गुण दुकानात ठेवून येता येत असता तर बरं झालं असतं.

ताई म्हणायची, "अहो, मला वाटतं, यंदा भिंतींना..."

"रंग काढू. बोललोसुद्धा मी रंगाऱ्याशी!"

तिला म्हणायचं असायचं की आधी ओल कुठून येते ते बघू. पण तोवर रंगारी दारात डबे घेऊन उभा. ताई मान डोलवायची. पुढे भिंतीला पोपडे आले तेव्हा भावजी म्हणाले, "रंग काढू, तूच म्हणालीस ना?" ताई हसली. काय करणार? चिडक्या माणसाशी भांडता येतं. जो मायेनं आपल्या तोंडचं बोलणं उचलून नेतो, त्याच्याशी कशी भांडणार? मला ती एकदा म्हणाली, "अगं, मला काय हवंय ते आता मलाच त्यांना विचारावं लागतं." आम्ही दोघी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं.

त्यांना एकच मुलगी. ती बोलायला उशिरा लागली. लागणारच. तिनं 'पा' म्हटलं की पाण्याचा पेला हजर, 'भू' म्हटलं की ताट वाढलेलं. मोठी झाली तशी तिला सवयच पडली, अर्धं बोलायचं आणि थांबायचं. पुढचं कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघायची. शाळेत बाई म्हणायच्या, हुशार आहे, पण उत्तर पुरं करत नाही.

तिला बघायला मुलगा आला तेव्हा मी तिथेच होते. हसतमुख, बोलका, नोकरी चांगली. त्यानं तिला विचारलं, "तुम्हाला फिरायला..." आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "आवडतं. चेहऱ्यावरच दिसतंय." भावजींनी मांडीवर थाप मारली. "अगदी माझ्यासारखा आहे हो!"

पाहुणे गेल्यावर भाची पदराशी चाळा करत उभी राहिली. "बाबा, मला तो मुलगा..."

"पसंत आहे! अगं, त्यात लाजायचं काय? तुझ्या बाबाला कळत नाही होय?"

तिनं आईकडे बघितलं. मग मान डोलावली. ती मान हुबेहूब ताईची होती. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, पोरीला सांभाळ रे बाबा.

लग्नानंतर ती पहिल्यांदा चार दिवस राहायला आली तेव्हा लंगडत होती.

"चप्पल चावतेय," भावजी दारातच म्हणाले. "मागचा बंद घट्ट असणार. घालतेस तरी काय असलं?" लेकीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून मऊ तळव्याची जोडी आणली आणि तिला खुर्चीत बसवून स्वतः खाली बसले. जन्मभर लोकांच्या पायांशी बसलेला माणूस, लेकीच्या पायाशी बसायला त्याला कसला संकोच? त्यांनी तिचा पाय हातात घेतला. साडी थोडी वर सरकली. घोट्याभोवती काळेनिळे वळ होते. बोटांचे. धरून ओढल्यासारखे.

भावजींचा हात तिथेच थांबला.

"बाबा," भाची हळूच म्हणाली, "मला तिथे..."

भावजींना पाय कळत होते. कुठला वळ पट्ट्याचा, कुठला दगडाचा, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"जिन्यावरून पडलीस ना?" ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "किती वेळा सांगितलं, उतरताना कठड्याला धरावं."

तिनं मान डोलावली. त्यांनी दोन्ही चपला तिच्या पायात घातल्या आणि तिच्याकडे न बघता उठले. त्यांना सोसेल तेवढंच वाक्य त्यांनी पुरं केलं होतं.

स्वयंपाकघरात ताई मला म्हणाली, "मी विचारलं गं तिला. ती माझ्याकडे बघत राहते. मी पुढचं बोलेन म्हणून वाट बघते. आणि माझ्या तोंडून ते निघत नाही."

जावई ठरल्यापेक्षा आधीच न्यायला आला. "चला, कंटाळली असेल इथे," म्हणत त्यानं तिची पिशवी उचलली.

"थांबा, जावईबापू," ताई म्हणाली. "तिला काहीतरी बोलायचंय."

भाचीनं ओठ ओले केले. "मला..."

"उशीर होतोय, हेच ना?" जावई गोड हसला. "बघा, घराची किती काळजी तिला!"

आपणच बोलतोय की काय, असं वाटून भावजी चमकून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं सुचलं नाही. तोवर मुलगी उंबऱ्याबाहेर गेलेली.

त्यानंतर ते दुकानात नुसते उभे राहत. बायका वैतागत, "अहो, काहीतरी दाखवा ना!" ते म्हणत, "तुम्ही सांगा. पूर्ण सांगा." फोन केला की जावई उचलायचा. "झोपलीय ती. बरी आहे म्हणतेय."

एका दुपारी मी तिथे असताना तिचाच फोन आला. "बाबा..."

ताई पुढे झाली. भावजींनी तिला हातानं थोपवलं आणि तोच हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि फोन बंद झाला.

आम्ही तिघं तशीच निघालो. जावयानं दार उघडलं. "या, या! लेकीची आठवण..."

"नाही," भावजी म्हणाले आणि त्याला ओलांडून आत गेले.

ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. ओठ सुजला होता. भावजी तिच्यासमोर उभे राहिले. "बोल, बाळ. मी थांबतो."

ती बोलेना. बाहेर कुठेतरी नळ गळत होता. मी मनात देवाचं नाव घेत होते. मागून जावई म्हणाला, "तिचं म्हणणं असं आहे की..."

"तिनं अजून काही म्हटलेलं नाही," भावजी वळून न बघता म्हणाले.

आणि मग ती बोलली. अंधारात पायरी चाचपडावी तसा एकेक शब्द टाकत. "बाबा, मला इथून घेऊन चला. आजच्या आज."

ताईनं तिचा हात धरून तिला उठवलं. आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. तोवर बाहेरच्या दाराला आतून कुलूप लागलेलं होतं. जावई दाराला पाठ लावून उभा होता. किल्ली मुठीत होती आणि चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नव्हतं.

"तुम्हा सगळ्यांचं म्हणणं काय आहे, सांगू?" तो शांतपणे म्हणाला. "आज इथेच राहावं. हो ना?"

कुणीही मान डोलावली नाही.