माळवद पाडण्याचा खेळ

भूकंपानंतर माझी धाकटी बहीण आणि तिची साडेचार वर्षांची मुलगी लातूरला आमच्या भाड्याच्या घरी राहायला आल्या. त्यांचं गाव औसा तालुक्यात होतं. घर दगडमातीचं आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर दिलेलं छप्पर. पहाटे ते कोसळलं तेव्हा तिघं आत होती, मेहुणे शेतावर होते. बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा गेला. पाय मोडलेल्या बहिणीला बेशुद्ध अवस्थेत बाहेर काढलं आणि थेट दवाखान्यात नेलं. पोरगी सगळ्यांत आधी सापडली. तिला खरचटलंही नव्हतं. पुढचा सगळा वेळ ती एका उभ्या बैलगाडीत बसून होती.

मुलाचे अंत्यविधी झाले तेव्हा बहीण दवाखान्यातच होती. तो नेमका कुठे सापडला, तिच्याजवळ की एकटाच, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ढिगारा मेहुण्यांनी उपसला होता. ते आता गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते सोडून काय बी विचारा." पोरगी तर भावाचं नावही काढत नव्हती. जेवायला हवंय की नको, हेसुद्धा ती मान हलवून सांगायची.

ती बोलायची फक्त अंगणात. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथली खडी आणून ती वीतभर उंचीच्या भिंती रचायची, त्यांवर काड्या टाकायची आणि काड्यांवर ओली माती थापायची. मग एका लाथेत सगळं पाडायची. पहिले काही दिवस खेळ एवढाच होता. नंतर ती पाडण्याआधी आत ज्वारीच्या धाटाचा चिंधीत गुंडाळलेला तुकडा ठेवू लागली. पाडून झालं की एकेक खडा बाजूला करायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हाय का? हाय का आत?" खडे उपसायला ती दर वेळी जास्त वेळ घेई.

शेजारचे मास्तर दहावीच्या शिकवण्या घेत. लातुरात तेव्हा शिकवण्यांच्या पाट्या गल्लोगल्ली लागू लागल्या होत्या. सकाळी आमच्या फाटकापर्यंत सायकली उभ्या असत. मास्तर एकदा अंगणाच्या भिंतीवरून म्हणाले, "असले अभद्र खेळ कशाला खेळू देता? पाटी द्या हातात. आत्ताच अंक पक्के झाले म्हंजे पुढं जड जात न्हाई." बहिणीचं त्यांना उत्तर होतं, "मास्तर, तिला मोजायला येतंय. भिंतीला खडे किती लागतात ते तिला बरोबर ठावं हाय." तरीही मी पाटी आणली. पोरीने ती माळवद म्हणून भिंतींवर आडवी टाकली.

मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो. त्या आठवड्यांत आमचं काम ठरलेलं होतं. शेडमध्ये जायचं, वही उघडायची आणि विचारायचं: घरात किती होते, किती गेले, कोण कुठे सापडलं. लोकांनाही हे प्रश्न पाठ झाले होते, आम्ही तोंड उघडण्याआधी ते उत्तरं देत. एका दुपारी पोरगी खडे उपसत असताना मी शेजारी बसलो आणि त्याच सुरात विचारलं, "बाळ कुठं सापडलं गं?" खिशातली वही मी काढली नव्हती, पण आवाज वहीवाल्याचाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, धाट उचललं आणि भिंतीपलीकडे फेकून दिलं.

त्यानंतर आठवडाभर ती खेळली नाही आणि एक शब्दही बोलली नाही. जो विचार ती खडे आणि काड्या घेऊन करत होती त्याची मी जबानी करून टाकली, हे मला फार उशिरा कळलं. पोरीला मी काय विचारलं ते मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तुझा पेपर बाहेर ठेवून घरात येत जा." मग प्लास्टरचा पाय ओढत ती अंगणात गेली आणि खडीच्या ढिगापाशी बसली.

तिने प्रश्न विचारला नाही. भिंती रचू लागली. त्या वाकड्या होत होत्या. बऱ्याच वेळाने पोरगी जवळ आली आणि म्हणाली, "असं न्हाई. दार इकडं असतंय." दोघींनी मिळून घर केलं. बहीण म्हणाली, "यात मी कुठं हाय?" पोरीने एक धाट आणून कोपऱ्यात आडवं ठेवलं. "तू निजलीस." दुसरा लहान तुकडा तिने दाराशी ठेवला.

"त्यो माझ्यापशी न्हवता?"

"न्हाई. दारापशी गेलता. पाणी प्यायला."

दारापाशीचं तिने बैलगाडीत बसून पाहिलेलं होतं. पाण्याचं तिने कुठून आणलं, मला सांगता येणार नाही. मेहुण्यांनी पुढे जागा तीच सांगितली, पाण्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. पोरीने घर पाडलं नाही. दाराशी ठेवलेलं धाट तिने स्वतःच उचलून आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "याला धर. आता मी आत."

खेळात तोवर ती नेहमी बाहेरच असे, पाडणारी किंवा उपसणारी. आता ती खडीच्या ढिगाला टेकून आडवी झाली आणि रिकामं पोतं तिने डोक्यावरून ओढून घेतलं. आतून हुकूम आला, "आई, काढ मला. हळू काढ, दगडं लई हायत."

पोत्यावर दगड नव्हते. बहिणीने तरी एकेक उचलल्यासारखं केलं, घाई केली नाही. त्या दुपारी तिने मुलीला चार वेळा बाहेर काढलं. पाचव्या वेळी पोरगी आपणहून उठली, अंगावरची माती झटकली आणि म्हणाली, भूक लागली.