विनबाई, या

मी त्या दुकानाच्या फरशीवर बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि काचेच्या कपाटात ठेवलेली एकुलती एक पर्स मला दोन दिसत होती. दुकानातली मुलगी माझ्यासमोर गुडघे टेकून जपानीत हळू आवाजात काहीतरी विचारत होती. दुसरीनं पाणी आणलं. मला पाणी नको होतं, साखर हवी होती. जपानीत साखरेला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, जर्मन शब्द त्या क्षणी सापडेना. मराठीत दोनदा मागून पाहिली. ओसाका शहर, मिदोसुजी नावाचा रस्ता. जवळ फोन नाही, हॉटेलचा पत्ता नाही. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. इथेच संपणार असं मला स्वच्छ वाटलं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, की परक्यांच्या एवढ्या चकचकीत फरशीवर मरतेय.

तिथून मी उठले ती रेनाटेमुळे. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, जमेल तसं लिहिते.

रेनाटे माझी विहीण. माझा मुलगा प्रसाद जर्मनीत बॉबलिंगेनला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. त्यानं काट्रिनशी लग्न केलं, तिची ही आई. आमचे हे गेल्यावर मी मिरजेहून प्रसादकडे राहायला आले, तेव्हा रेनाटे भेटायला आली. आमच्याकडे मुलीच्या आईनं मुलाच्या आईचा मान ठेवायचा असतो. नवी साडी नेसून मी सोफ्यावर ताठ बसले होते. रेनाटेनं बटाट्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली, हातात सोलायची सुरी दिली आणि म्हणाली, "मोठे तू घे, लहान मी घेते." प्रसादनं भीतभीत भाषांतर केलं. पहिल्याच भेटीत तू. मग मीही अहोजाहो सोडलं. बटाटे मात्र तिच्यापेक्षा आधी सोलून संपवले. ते तिनं पाहिलं.

मला काय म्हणून हाक मारायची, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, विहीणबाई. तिच्या तोंडून ते विनबाई असं यायचं. मी सुधारलं की ती "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायची आणि पुन्हा विनबाईच म्हणायची. शेवटी मी नाद सोडला.

ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तर दार किलकिलं होतं आणि आतून आवाज आला, "या, या, या." एवढ्या अगत्यानं बोलावतेय म्हणून मी चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. रेनाटे अंघोळीच्या गाऊनमध्ये, डोक्याला टॉवेल, कानाला फोन. जर्मनीत हो म्हणायला 'या' म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मराठीत 'या' म्हणजे काय ते प्रसादनं तिला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती डोळे पुसेपर्यंत हसली. त्या दिवसापासून मी दिसले की ती दार सताड उघडून, कमरेत वाकून म्हणायची, "विनबाई, या." आम्ही बोलायचो ते माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, पण हे दोन मराठी शब्द तिचे पक्के होते.

तिची एक सवय मला फार खटकायची. कुणाच्याही कपड्याची कड धरून ती उलटी करून बघायची. बसमध्ये शेजारच्या बाईच्या कोटाची सुद्धा. माझ्या साडीचा फॉल बघून म्हणाली, "हा घाईत लावलाय." खरं होतं ते. चाळीस वर्षं तिनं एका मोठ्या कापडदुकानाच्या तळघरात गिऱ्हाइकांचे कपडे मापात करून द्यायचं काम केलं होतं. "सुलटं काय, सगळेच दाखवतात," असं ती म्हणायची. "मी उलटं बघते."

दुसरी सवय याहून वाईट. कॅफेत कॉफीबरोबर साखरेच्या पुड्या देतात, त्या ती पर्समध्ये टाकायची. स्वतः कॉफी बिनसाखरेची पिणारी बाई. माझ्याही पुढ्यातल्या उचलायची, कारण मला साखर चालत नाही. मी एकदा म्हटलं, "रेनाटे, दुकान काढणार आहेस का?" ती म्हणाली, "आल्झो," म्हणजे तर मग, "जागा बघतेय." मी घरी येऊन काट्रिनला सांगितलं की तुझी आई चिकट आहे. काट्रिन भांडी आवरत राहिली.

प्रसादला कंपनीनं तीन महिन्यांसाठी ओसाकाला पाठवलं. काट्रिन बरोबर गेली आणि शेवटच्या पंधरवड्यात आम्हा दोघींना बोलावून घेतलं. रेनाटेला देवळं, किल्ला काही बघायचं नव्हतं. तिला मिदोसुजी बघायचा होता. दोन्ही बाजूंना पिवळी झालेली झाडं आणि ओळीनं जगातली महागडी दुकानं. "चाळीस वर्षं मी दुकानाच्या मागच्या दारानं आत गेले," ती म्हणाली. "आता पुढच्या दारानं जायचंय." त्यासाठी तिनं स्वतः शिवलेला करडा कोट आणला होता. रोज रात्री हँगरला लावायची.

त्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला सगळ्याला माशाचा वास येत होता. मी गोळी घेतली आणि काही खाल्लं नाही.

"खाल्लंस?" रेनाटेनं विचारलं.

"खाल्लं."

"काय?"

"ब्रेड. आता चल."

माझ्या खाण्यात कुणी लक्ष घातलेलं मला आवडत नाही. म्हणून खोटं बोलले.

पहिल्या दुकानात दाराशी उभ्या असलेल्या माणसानं वाकून नमस्कार केला. रेनाटेही वाकली. मग आत जाऊन तिनं एका कोटाची कड उलटी केली. विकणारी मुलगी आधी घाबरली. रेनाटेनं टाक्यांवरून बोट फिरवलं, आपल्या कोटाची कड उलटून शेजारी धरली. ती मुलगी खाली वाकून बघायला लागली आणि दोघींचं जे सुरू झालं, ते संपेना. मी खुणेनं सांगितलं, बाहेर उभी राहते.

बाहेर गर्दी होती. पाचेक मिनिटांनी कानावर आलं, "या, या." वळून पाहिलं तर पांढरे केस, करडा कोट, पुढे निघालेला. इतकी वर्षं त्या हाकेला मी निघत आले होते, तशीच निघाले. दोन सिग्नल ओलांडले. मग मला त्या कोटाची कड दिसली. उसवलेली, दोरा लोंबत होता. असा कोट घालून रेनाटे दारातून बाहेर पडली नसती. कुणीतरी दुसरीच जर्मन बाई फोनवर बोलत चालली होती.

मी मागे वळले, पण कुठून आले ते कळेना. सगळी दुकानं काचेची, सगळी झाडं पिवळी. तेवढ्यात हातपाय गळायला लागले. जे दार पहिलं दिसलं, त्यातून आत गेले आणि बसले.

त्या रस्त्यावर कुणी आवाज चढवून बोलत नाही. म्हणून ती हाक मला आत बसल्या जागी ऐकू आली. "विनबाई! या! विनबाई!" जगात मला या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. मला ओ देता येईना. मी त्या जपानी मुलीचा हात धरून दाराकडे बोट दाखवलं. ती पळत गेली आणि रेनाटेला घेऊन आली.

रेनाटे केस विस्कटलेली, धापा टाकत आली. एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता त्या फरशीवर पर्स उपडी केली. साखरेच्या पुड्या सांडल्या, बॉबलिंगेनच्या कॅफेच्या. दातांनी फाडून तिनं एकेक माझ्या तोंडात रिकामी केली. "गिळ," म्हणाली. "अजून एक. गिळ." अर्ध्या पुड्या संपल्यावर कपाटातली पर्स पुन्हा एक दिसायला लागली.

"ब्रेड खाल्ला नव्हतास."

"नाही."

"खोटं बोललीस."

"हो."

मग मी विचारलं, "तू साखर खात नाहीस, मग हे जमवतेस कशाला?"

ती पुड्यांचे कागद गोळा करत होती. "आल्झो, विनबाई, किती हुशार तू. तू आलीस तेव्हाच काट्रिननं सांगितलं होतं, तुझी साखर कधी वर जाते, कधी खाली. तू स्वतः जवळ काही बाळगत नाहीस. मग कुणी बाळगायचं?"

इतकी वर्षं तिला चिकट म्हटलं होतं. आमच्या घरात घरच्या माणसांना आभार म्हणायची पद्धत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, तिच्या भाषेत, "डांके."

"ते राहू दे. तू गेलीस कुठे?"

मी सांगितलं. एक बाई 'या' म्हणाली, म्हणून गेले. रेनाटे फरशीवर बसल्या बसल्या इतकी हसली, की त्या दोन मुलीही तोंडावर हात ठेवून हसल्या. जाताना रेनाटेनं त्यातल्या एकीच्या बाहीची कड उलटून बघितली आणि मान डोलावली.

गेल्या हिवाळ्यात ती घरात पडली. डोक्यात रक्त साकळलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, एक शब्द राहिला. मी इस्पितळात पोचले तेव्हा नर्स तिला विचारत होती, पाणी हवं का, खिडकी लावू का. रेनाटे म्हणत होती, "या, या." नर्स मला म्हणाली, "सगळ्यालाच हो म्हणतात." मी म्हटलं, "हो नाही म्हणत. मला बोलावतेय." खुर्ची ओढून तिच्या डाव्या हाताशी बसले. ती गप्प झाली. माझ्या स्वेटरची कड तिनं बोटांत धरली आणि उलटी केली.

सहाव्या दिवशी ती गेली. तिच्याहून मी तीन वर्षांनी मोठी. मला मधुमेह, तिला काही नव्हतं. आता मी ऐंशीची आहे. सकाळी आधी खाते, मग गोळी घेते. साखरेच्या पुड्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवते. मरायची मी होते, आणि जगले मी.