रोकडेसरांचं पत्रक

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात भगवंत रोकडे भूगोल शिकवायचे. वडील शहाडला कारखान्यात कामगार; घराण्यातली पहिली पीएच.डी. सरांची. विषय होता रासायनिक अपघात आणि आसपासच्या वस्त्यांची सज्जता. २००४ साली पदवी मिळाली आणि दोन वर्षांत सरकारी कार्यशाळांच्या पत्रिकेवर त्यांच्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ लागायला लागलं. कॉलेजात त्यांनी नागरी सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही सुरू केला. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसायचो. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक वस्ती आहे. तिच्यासाठी सरांनी पत्रक तयार केलं होतं. विषारी वायू सुटला तर तोंडाला ओला फडका बांधायचा आणि सगळ्यांनी कारखान्यांच्या पश्चिमेकडच्या मैदानावर जमायचं. पत्रक घरोघर चिकटवलं. जुलैत सराव झाला. शिट्टी वाजताच लोक मैदानावर हजर. पेपरात फोटो आला.

२००७च्या जानेवारीत, सकाळी आठच्या सुमारास, एका कारखान्यात क्लोरीनचं सिलिंडर गळलं. भोंगा वाजला आणि लोकांनी पत्रकात लिहिलं होतं तसंच केलं. पावसाळ्यात तिथे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा ते मैदान सुरक्षितच. पण थंडीत सकाळचा वारा पूर्वेकडून वाहतो. पिवळट धूर कारखान्यावरून सरळ मैदानावर उतरला. दारं लावून घरात बसलेल्यांना फारसं काही झालं नाही. मैदानावर गेलेल्यांपैकी एकतीस जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. नशिबानं कोणी दगावलं नाही.

“बातमी सांगणाऱ्यानं मैदान म्हटल्याबरोबर मला चूक कळली,” सर म्हणाले. “वाऱ्याचे आकडे मी फक्त जून ते सप्टेंबरचे घेतले होते. प्रबंधाला तेवढे पुरले. बाकीचे मागवायचा कंटाळा केला.”

चौकशी समितीवर तज्ज्ञ म्हणून त्यांनाच घेतलं. आठवडाभरात अहवाल तयार झाला. त्यात एक वाक्य होतं: ‘रहिवाशांनी घाबरून सूचनांचे नीट पालन केले नाही.’ सरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. बनूबाई नातीच्या उशाशी बसली होती. वस्तीतली ही बाई कंपनीत बाटल्या धुवायची. सरावाच्या दिवशी सगळ्यांत पुढे तीच होती. आठ वर्षांच्या किर्तीच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला. सरांना पाहून बनूबाई उठली, पदरानं स्टूल पुसून पुढे केलं.

“जयभीम सर. तुमी कशाला तरास घेतला? आमचंच चुकलं आसंल. मैदानाच्या भलत्या कडंला हुबं राह्यलो आमी. ही म्हणत होती, आजी, घरात जाऊ. मीच दंडाला धरून ठिवली. म्हटलं, आपल्यातला येवढा शिकलेला माणूस सांगतोय, हलायचं न्हाई.”

सरांनी बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला आणि ते बाहेर आले. शिरगावला घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, मायाला, सगळं सांगितलं.

“अहो, पण तुम्हाला कोणी काही विचारलंय का?” ती म्हणाली.

“नाही विचारलं. तेच तर.”

तरीही त्यानंतर अकरा दिवस त्यांनी काहीच केलं नाही. हे अकरा दिवस ते मला नेहमी मोजून सांगायचे. मग त्यांनी समितीला पत्र लिहिलं: रहिवासी सूचनेप्रमाणेच वागले, सूचना चुकीची होती, ती माझी होती. अध्यक्षांचा फोन आला, “रोकडेसाहेब, अहवाल वर गेला. आता कशाला उगाच?” पत्रावर शिक्का बसला आणि ते फायलीत गेलं. सरांना कोणी बोल लावला नाही. पुढच्या महिन्यात आणखी एका कार्यशाळेचं बोलावणं आलं.

पत्र दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते वस्तीत गेले. समाजमंदिरासमोर लोक जमले. सरांनी उभं राहून सांगितलं, सहीसकट सगळं. किर्ती तोवर घरी आली होती. बनूबाई खाली बसून ऐकत होती.

“म्हंजी आमी बरोबर वागलो?”

“हो. तुम्ही अगदी बरोबर वागलात.”

बनूबाई उठून उभी राहिली. “मी सांगितलं व्हतं तुमाला. पत्रकं चिकटवाया आला तवा. थंडीत वास मैदानाकडं जातो म्हणून. तुमी बरं बरं म्हणाला.”

“मला ते आठवेना,” सर नंतर मला म्हणाले. “विसरलो असतो तर निदान ऐकलं तरी होतं म्हणता आलं असतं. मी ऐकलंच नव्हतं.”

मागून एकजण ओरडला, “ए, निकल यहाँ से!” बनूबाईनं त्याला थांबवलं नाही. सर निघाले.

पण पुढच्या आठवड्यात ते परत गेले, त्याच्या पुढच्याही. आधी कोणी बोलायचं नाही. मग बायका सांगायला लागल्या, कुठल्या महिन्यात वास कुठून येतो. वर्षभर ते लिहून घेत राहिले. नव्या पत्रकात दोन जागा आल्या, पावसाळ्याची वेगळी आणि थंडीची वेगळी. त्यावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या तासाला ते आपली चूक सांगायचे. मुलं कानकोंडी व्हायची.

किर्तीची छाती मात्र अधू राहिली. २००९ साली मी एकदा सरांबरोबर वस्तीत गेलो होतो. ती दप्तर घेऊन चढाच्या मध्यावर दम खात थांबली होती. सरांना पाहून हसली, “जयभीम सर,” म्हणाली. सरांनी हात जोडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ती निघेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.