रिसेटच्या बटणाला लावलेलं कुंकू

मंडळी, डोकं अजून तापलंय. आज दुपारी आमच्या पनवेलच्या कारखान्यातला, मी सांभाळते तो सर्व्हर पुन्हा बंद पडला. डिस्कचं नवीन कपाट जोडल्यापासून हेच चाललंय.

मॅनेजर साहेब धावत आले. "रिसेट मारा मॅडम! चलनं निघत नाहीत, गेटवर ट्रक खोळंबलेत."

"थांबा. बंद पडतानाची कर्नलची, म्हणजे सर्व्हरच्या मूळ प्रणालीची, मेमरी टेपवर उतरतेय. आत्ता रिसेट मारलं तर ती पुसली जाईल आणि बिघाड कधीच सापडणार नाही."

"दर वेळी रिसेटनेच चालू होतो ना?"

"म्हणूनच दर वेळी बंद पडतो!"

दसऱ्याला कुंकू लावलेल्या त्या बटणाकडे त्यांनी हात नेला. मी मध्ये उभी राहिले आणि टेप पूर्ण होईपर्यंत हलले नाही.

बिघाड शोधायला टेप डिस्कवाल्या कंपनीकडे रवाना झाली. उद्या मला ट्रक खोळंबवल्याबद्दल मेमो मिळेल. मिळू दे. पुढच्या दसऱ्याला मी कुंकू टेप ड्राइव्हला लावणार आहे. बघू कोण अडवतं!