कुरव शिवला

दुपारी जरा पाठ टेकते. डोळा लागतोय न लागतोय तोच पडवीतून भाऊकाकाचा, आप्पांच्या धाकट्या भावाचा, आवाज येतो. फोनवर आहे. "चारला या गुरुजी. आप्पांच्या दहाव्याचं परत करू. या वेळी माझा श्रीरंग बसेल. पोरीने पिंड ठेवल्यावर कावळा शिवतोय कशाला." पोरगी म्हणजे मी, आप्पांची लेक, केस पिकले तरी. माझं डोकं फिरतं, पण पापण्या काही उघडत नाहीत.

पडवीची पायरी उतरते तर पायाखाली ओली वाळू. जानेवारीचा गार वारा, ओहोटी लागलेली, पाण्याच्या कडेला पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. आणि पडवीतली वेताची खुर्ची वाळूत मांडून आप्पा बसलेत. माकडटोपी, डोळ्यांना दुर्बीण.

"सीगल बरेच आलेत यंदा," मी म्हणते.

"कुरव म्हण. आपल्यात नाव आहे ना त्याला."

मेल्यावरही माणसाची खोड जात नाही.

"आप्पा, तुम्ही गेलात."

"माहितीये. हळू बोल, थवा उठेल."

मी काही हळू बोलत नाही. सगळं ओकून टाकते. "कावळे सुरूच्या झाडावर नुसते बसून राहिले. मग एक कुरव उतरला आणि पिंडाचा भात घेऊन गेला. भाऊकाकाने त्याच्यावर पंचा उगारला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आता म्हणतात, मी बसले म्हणून तुम्ही अडकलात."

आप्पा दुर्बीण खाली घेतात. "कुठला कुरव?"

"तपकिरी डोक्याचा."

"थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं."

"कानामागे तीट होती. पंखाच्या काळ्या टोकाला पांढरा ठिपका होता. मला शिकवू नका."

आप्पा खूश होऊन हसतात. मला मात्र रडू येतं. "खरं सांगा, काही राहिलं का तुमचं? माझ्यामुळे?"

"अगं, जन्मभर मी कुरव बघितले. शेवटच्या घासाला कावळ्याची मनधरणी करू? तू वाढलंस, मी जेवलो. विषय संपला."

खुर्ची आता स्वयंपाकघरात आहे. लाटा ओट्याला लागतायत, कुरव ओट्यावर ओळीने बसलेत, आणि त्याचं कुणाला काही नाही. आप्पा फडताळातून आईची काजळाची डबी काढतात. लहानपणी जत्रेला निघताना लावायचे तशी माझ्या कानामागे तीट लावतात. त्यांचं बोट गार आहे.

"जा आता. आणि रडत बोलू नकोस. रडलीस की भाऊला जोर चढतो."

"उठ गं, गुरुजी आले." भाऊकाका दार वाजवतोय.

हात आपसूक कानामागे जातो. बोट काळं होतं. मी काजळ घालत नाही, आणि आईची डबी आईबरोबरच गेली.

तोंड न धुताच पडवीत येते. श्रीरंग ओलं सोवळं नेसून बसलाय, बिचारा कुडकुडतोय.

"उठ रे, कपडे घाल," मी म्हणते. "गुरुजी, चहा घेऊन जा. परत काही करायचं नाही. आप्पा माझ्या हातचं जेवलेत."

"तुला कोणी सांगितलं?" भाऊकाका विचारतो.

मी केस बाजूला करते आणि कान त्याच्यापुढे धरते.